ट्रॅक्टरच्या पोटाखालचा तेलाचा डाग

आम्ही वाशी तालुक्यातल्या तेरखेड्याच्या बचत गटाच्या बाया. आमचं गाव धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. फटाक्यांचं गाव म्हणून तुम्ही ते ऐकलं असेल. पण आज आम्ही फटाक्यांवर बोलणार नाही. आमच्या गटाचा एक जुना ट्रॅक्टर आहे, दुसऱ्या हाताने घेतलेला, तीन सिलिंडरचा. त्याच्या पोटाखाली रोज सकाळी तेलाचा एक डाग दिसायचा. त्या डागापायी आम्ही एकदा पैसे घालवले, दुसऱ्यांदा घालवता घालवता वाचलो. ते कसं झालं, ते सांगायला आलो आहोत.

आधी डाग नेमका कुठे, ते सांगतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या भागात इंजिन असतं, त्याच्या पाठीला क्लचचं घर आणि त्याच्यामागे गिअरबॉक्स. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या त्या क्लचच्या घराला तळाशी एक बारीक भोक असतं. कित्येक ट्रॅक्टरांत त्या भोकात एक लोंबती पिन असते. ती पिन तुटलेली नाही किंवा सैल झालेली नाही, मुद्दामच सैल ठेवलेली असते. इंजिन थरथरलं की तीही हलते आणि भोक चिखलाने बुजत नाही. आत तेल आलं तर ते क्लचवर साचू नये, खाली गळून जावं, एवढ्यासाठी ते भोक. आमचं तेल तिथूनच थेंब थेंब गळायचं.

सुरुवातीला आम्ही लक्ष दिलं नाही. जुना ट्रॅक्टर आहे, थोडं गळणारच, असं सगळेच म्हणायचे. मग एके दिवशी रोटाव्हेटर लावून चालवताना इंजिनाचा आवाज वाढायचा आणि ट्रॅक्टर मात्र पुढे सरकेना. क्लच घसरत होता. तेल क्लचच्या प्लेटवर गेलं होतं. एका गॅरेजवाल्याने ट्रॅक्टर मधून फोडला, म्हणजे इंजिन पुढे आणि गिअरबॉक्स मागे असे दोन भाग केले, मागचं सील बदललं, क्लचप्लेट नवी टाकली. सील स्वतः काही शे रुपयांचं. पण तिथपर्यंत पोचायचीच मजुरी हजारांत गेली, वर क्लचप्लेट वेगळी. भाड्याच्या दोन महिन्यांच्या कमाईवर पाणी पडलं. आणि दोन महिन्यांनी त्याच भोकातून पुन्हा थेंब.

आता हे सील म्हणजे काय, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिनात खाली एक जाड लोखंडी दांडा फिरत असतो, त्याला क्रँक म्हणतात. तो तेलातच फिरतो, तेल नसेल तर तो जाम होईल. पण त्याचं मागचं टोक इंजिनाच्या बाहेर यावं लागतं, कारण तिथे फ्लायव्हील बसतं आणि फ्लायव्हीलवर क्लच. म्हणजे दांडा बाहेर यायला हवा, पण तेल आत राहायला हवं. हे काम एक रबरी कडं करतं. त्याच्या आतल्या काठाला पातळ ओठ असतो आणि ओठामागे बारीक स्प्रिंग. ती स्प्रिंग ओठाला फिरत्या दांड्यावर हलकेच दाबून धरते.

आपल्या कुकरची रिंग आठवा. नवी असते तेव्हा मऊ, लवचिक. उष्णतेने वर्षभरात कडक होते, तडकते आणि कडेने वाफ सुटायला लागते. सीलचंही तसंच. पण कुकरची रिंग नवी असतानासुद्धा कडेने वाफ सुटते, असं कधी झालंय का? झालंय. शिट्टीखालच्या नळीत डाळीचा दाणा अडकला की वाफेला वर जायला वाट राहत नाही, मग ती मिळेल त्या फटीतून निघते. तुम्ही दहा रिंगा बदला, नळी साफ करेपर्यंत गळती थांबायची नाही.

आमच्या ट्रॅक्टरचं अगदी हेच झालं होतं. पण ते कळायला आम्हाला बार्शीचे एक वयस्कर मिस्त्री भेटावे लागले.

मिस्त्रीदादा आले तेव्हा सोयाबीन काढणीला आली होती आणि पुढे ज्वारी-हरभऱ्याची पेरणी. ट्रॅक्टर फोडला तर आठवडाभर उभा राहणार, आणि आमच्या पेरणीची ओल कोणासाठी थांबत नाही. आमच्या मनात तेच. दादांनी पाना हातात घेतलाच नाही. त्यांनी आधी विचारलं, "कोणतं तेल गळतंय?"

आम्ही म्हणालो, इंजिनचं. त्यांनी विचारलं, "कशावरून?"

उत्तर नव्हतं. क्लचच्या घरात दोन्ही बाजूंनी तेल येऊ शकतं. पुढून इंजिनचं, मागून गिअरबॉक्सचं, कारण गिअरबॉक्सच्या शाफ्टलाही पुढच्या टोकाला एक सील असतं. दोन्ही तेलं त्याच एका भोकातून गळतात. चुकीचं सील बदललं तर सगळा खर्च वाया. मग दादांनी भोकाखाली पांढरा पुठ्ठा ठेवायला सांगितला. रात्रभरात पडलेला थेंब बोटावर घेऊन चोळला. डिझेल इंजिनचं तेल वापरात आलं की काजळीमुळे लवकर काळं पडतं. गिअरबॉक्सचं तेल इतकं काळं होत नाही आणि त्याला बहुधा एक उग्र वास असतो. आमच्यातल्या एका आजींनी आयुष्यभर करडीचं तेल घाण्यावरून आणलं आहे. त्यांनी थेंब हुंगला आणि म्हणाल्या, "ह्याला गिअरच्या तेलाचा वास नाही, हे इंजिनातलंच." दादा हसले, पण मान हलवली. शिवाय इंजिनच्या तेलाची पट्टी पाहिली तर तेल खालच्या खुणेकडे आलेलं, आणि गिअरबॉक्सचं जागच्या जागी. आता शंका उरली नाही.

पट्टीबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण आमची पहिली चूक तिथे सापडली. तेल कमी झालं की आमचा ड्रायव्हर वर ओतायचा, आणि पुन्हा पुन्हा ओतावं लागू नये म्हणून वरच्या खुणेच्याही वर भरायचा. आम्हाला तो हिशेबी वाटायचा. पण तेल जास्त झालं की फिरता क्रँक ते घुसळतो, ताकासारखा फेस येतो आणि मागच्या सीलवर तेलाचा मारा वाढतो. पट्टी पाहायची ती ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन बंद केल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी. आधी पुसून, मग पुन्हा आत घालून. तेल दोन खुणांच्या मध्ये हवं, वरच्या खुणेच्या वर नाही.

पुढचा प्रश्न असा की इंजिनचं तेल आहे हे खरं, पण ते सीलमधूनच येतंय कशावरून? तेल वर कुठेतरी पाझरतं, इंजिनच्या पाठीवरून ओघळत येतं, जोडाच्या फटीत शिरतं आणि खालच्या भोकातून टपकतं. बघणारा म्हणतो, मागचं सील गेलं. घराच्या भिंतीला ओल येते तेव्हा पत्रा नेमका तिथेच फुटलेला नसतो, तसं.

हे शोधायची रीत आम्हाला इतकी आवडली की ती नीट सांगतो. थंड इंजिनची मागची बाजू, टॅपेट कव्हरपासून खालच्या ऑइल चेंबरपर्यंत, डिझेल आणि ब्रशने घासून धुतली. मग साबणाच्या पाण्याने, मग फडक्याने कोरडी केली. जनरेटर, स्टार्टर आणि वायरींवर पाणी जाऊ दिलं नाही. पूर्ण वाळल्यावर त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवली, बाळाला लावतो तीच. घरात नसेल तर बारीक चाळलेली रांगोळीही चालेल असं आम्हाला वाटलं होतं, पण दादा नको म्हणाले. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, ती कुठे फिरत्या भागात गेली तर घासते. मग इंजिन वीसेक मिनिटं चालवून बंद केलं आणि बॅटरी घेऊन पाहिलं. जिथून तेल येतं तिथून पावडर ओली होऊन काळी रेघ खाली उतरते. रेघेच्या वरच्या टोकाकडे बघायचं, खालच्या नाही. इंजिन चालू असताना मात्र कोणी हात घालायचा नाही. साडीचा पदर, ओढणी, वेणी, हे सगळं खोचून, बांधून. पंख्याच्या पट्ट्याला माणूस आणि कापड यांतला फरक कळत नाही.

आमच्या ट्रॅक्टरवर अशा दोन रेघा निघाल्या. एक टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून थेट खाली गेलेली. तिथलं पॅकिंग दबून कडक झालं होतं. दुसरा ओलावा खरंच क्लचच्या घराच्या आतून येत होता.

इथे दादांनी तिसरा प्रश्न विचारला. "ब्रीदर कधी उघडला होता?"

ब्रीदर म्हणजे इंजिनची श्वासनळी. सिलिंडरमध्ये डिझेल जळतं तेव्हा थोडा वायू पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतो. नव्या इंजिनात कमी, जुन्यात जास्त. हा वायू बाहेर पडायला एक नळी ठेवलेली असते. ती बुजली तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि तो तेलाला जिथे जागा मिळेल तिथून ढकलतो. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून, पुढच्या सीलमधून आणि मागच्या सीलमधूनही. कुकरच्या नळीतला डाळीचा दाणा तो हाच.

आमची नळी काढली तर तिच्या खालच्या तोंडात कुंभारणीचं मातीचं घर! उन्हाळाभर ट्रॅक्टर छपरात उभा होता तेव्हा त्या माशीने आपला संसार तिथे थाटलेला. वरून तेल आणि धुळीचा चिखल बसून ते दगडासारखं झालेलं. आम्ही सगळ्या आधी हसलो आणि मग गप्प झालो. पहिल्यांदा फोडणी केली तेव्हाही हे घर तिथेच असणार. दादा म्हणाले, "सील गेलं होतं हे खरं असेल. पण ते का गेलं, हे कोणी विचारलं नाही."

नळी केरोसीनमध्ये भिजवून, तारेने मोकळी करून, धुऊन बसवली. टॅपेट कव्हरचं पॅकिंग नवं टाकलं. तेल खुणेपर्यंत आणलं. मग तेल भरायचं झाकण सैल करून, तोंड लांब ठेवून, इंजिन चालू असताना किती वाफ येते ते दादांनी पाहिलं. थोडी वाफ चालते. धुराचे झोत भकभक यायला लागले तर रिंगा झिजल्या समजायच्या, आणि मग प्रश्न सीलचा नसून इंजिनचा असतो. आमच्यात थोडीच होती. दुसऱ्या दिवशी पुठ्ठ्यावर थेंब होते, पण मोजण्याइतके. आठवड्याने आणखी कमी. क्लच घसरत नव्हता. ट्रॅक्टर फोडला नाही. पेरणी ओलीवर झाली.

दादा तरुणपणी पुण्यात जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या एका गॅरेजात होते. चहा घेताना त्यांनी तिथल्या गोष्टी सांगितल्या. महायुद्धाच्या काळातली विलीज जीप, जी पुढे महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली, तिच्या इंजिनच्या मागच्या टोकाला आजच्यासारखा रबरी ओठ नव्हता. तिथे विणलेली जाड वात बसवलेली असायची, निरांजनाच्या वातीची थोरली बहीण म्हणा. ती आधी तेलात भिजवायची, खाचेत दाबून बसवायची, टोकं बेताने कापायची. हात बसलेला मिस्त्री असेल तर गळत नसे, नसेल तर गळे.

आणि इंग्लंडहून आलेल्या एम.जी. नावाच्या दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाड्या. त्यांतल्या 1945 ते 1949 या काळात बनलेल्या टीसी गाडीच्या क्रँकला मागे वातही नाही नि रबरही नाही! दांड्यावरच स्क्रूसारखे आटे कोरलेले. दांडा फिरला की ते आटे तेलाला पुन्हा आत ढकलतात. युक्ती झकास, पण गाडी उभी राहिली की आटे फिरायचे थांबतात, मग उरलंसुरलं तेल फटीतून टपकतं. अशा गाड्या जपणारे हौशी लोक आजही गाडीखाली परात ठेवतात. तिथेही गळती वाढली की जाणता मिस्त्री आधी श्वासनळी आणि तेलाची पातळी पाहतो, कारण आतून दाब असेल तर ते आटे त्याच्यापुढे काय करणार? लाखोंची हौसेची गाडी आणि आमचा रोटाव्हेटर ओढणारा ट्रॅक्टर, दोघांच्या पाठीचं दुखणं एकच निघालं. आम्हाला त्याची फार गंमत वाटली.

आता समजा तुमचं सील खरंच गेलंय आणि ट्रॅक्टर फोडावाच लागतोय. ते काम मिस्त्रीचंच. पण तिथे आपल्यापैकी दोघींनी उभं राहावं आणि काही गोष्टी डोळ्यांनी पाहाव्यात. पहिल्या वेळी आम्ही पैसे दिले नि घरी गेलो, तेच चुकलं.

फोडण्याआधी बॅटरीची वायर काढलेली असावी. पुढचा भाग नुसत्या जॅकवर नसावा, खाली भक्कम घोडे लावलेले असावेत. ट्रॅक्टरचा पुढचा अ‍ॅक्सल मधोमध एका खिळीवर डुलतो, म्हणून सुटं झालेलं इंजिन एका बाजूला कलंडू शकतं. दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकल्यात का ते पाहा. हे सांगायला लाजू नका, कारण त्याखाली कोणाचा तरी मुलगा काम करणार असतो.

क्लच आणि फ्लायव्हील काढताना ते कसे बसले होते याची खूण करून ठेवलेली असावी. जुनं सील उपसताना स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा क्रँकला लागला की नवं सीलही गळणार. सील निघाल्यावर दांड्याच्या त्या जागेवरून नख फिरवायला सांगा. जुन्या ओठाने वर्षानुवर्षं घासून तिथे खाच पडलेली असते, जात्याच्या खुंट्याला पडते तशी. नख अडकलं तर नवं सील त्याच जागी बसवून उपयोग नाही. जागा असेल तर ते थोडं पुढे-मागे बसवतात, नाहीतर दांड्यावर पातळ बाही चढवतात. आणि फ्लायव्हील धरून क्रँक वर-खाली हलतोय का तेही पाहायला सांगा. हलत असेल तर बेअरिंग झिजलंय, डुलत्या दांड्यावर कोणतंच सील टिकत नाही.

नवं सील आपल्या मॉडेलचंच हवं. जुनं सोबत नेऊन त्यावरचे आकडे ताडून घ्या. बसवताना ओठ आणि स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, म्हणजे तेलाकडे. ओठाला स्वच्छ तेल लावून, सगळीकडून सारखं दाबून बसवायचं. एका कडेला ठोकलं की ते वाकडं बसतं. नट एकाआड एक समोरासमोरचे आवळायचे, पुस्तकात दिलेल्या मापाने. तेलात भिजलेली क्लचप्लेट पेट्रोलने धुऊन परत टाकूया, असं कोणी म्हणेल. आमचं मत, टाकू नका. तेल आतपर्यंत मुरलेलं असतं, गरम झालं की पुन्हा वर येतं. पैसे वाचवायचे तर ते इथे वाचत नाहीत. उलट ट्रॅक्टर उघडाच आहे तर क्लचचं बेअरिंगही हाताने फिरवून पाहून घ्या, खरखर वाजत असेल तर त्याच मजुरीत बदलून होईल.

गळती बंद करणारं औषध बाटलीत मिळतं, तेलात ओतायचं. ते रबर थोडं मऊ करतं, फुगवतं. रबर नुसतं कडक झालं असेल तर काही दिवस निभावतं. फाटलेल्या ओठाला किंवा बुजलेल्या नळीला त्याचा काही उपाय नाही.

गळलेलं तेल आम्ही आता मातीत जाऊ देत नाही. डब्यात जमा करतो. जनावराच्या जखमेवर जळकं तेल लावायची आपल्याकडे जुनी सवय आहे. ती सोडा. त्यात काजळी आणि धातूचा कीस असतो, हातालाही ते फार वेळ लागू नये. दुसरं, आमच्या गावात ठिणगीची भीती सगळ्यांच्या हाडात भिनलेली आहे. तेलाने माखलेलं इंजिन, त्यावर सोयाबीनचा भुसा आणि बाजूला तापलेला सायलेन्सर, हे आम्हाला मळणीच्या दिवसांत बघवत नाही. गळती थोडी असली तरी इंजिन पुसून घ्यायचं, एवढा नियम केला आहे.

आणि एक वही केली. ट्रॅक्टरच्या सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत ती असते. दर सोमवारी पट्टीवर तेल कुठे आहे, किती ओतलं, पुठ्ठ्यावर किती थेंब, हे आठवीतली एक मुलगी लिहिते, कारण तिचं अक्षर चांगलं. ड्रायव्हरला आधी राग आला होता, आपल्यावर पाळत ठेवली म्हणून. आता तोच विचारतो, आज किती?

आज सोमवार. इथे यायच्या आधी पुठ्ठा पाहिला. चार थेंब होते. हंगाम संपला की सील पुन्हा तपासायचं ठरलं आहे, तोवर ब्रीदरच्या तोंडाला आम्ही बारीक जाळी बांधली आहे. हवा जाते, कुंभारीण जात नाही.